जिभेवरचं कुसळ

धान कापून पुंजणे रचले आणि मळणी सुरू झाली, की माझ्या दारात लोक डोळे चोळत यायचे. धानाचं कुसळ मोठं चिवट. पापणीच्या आत शिरलं की फुंकरीनं हलत नाही, पदराच्या टोकानं निघत नाही, आणि चोळलं तर आणखी रुततं. त्यावर आमच्या भागात एक जुना इलाज होता. एखाद्या जाणत्या बाईनं पापणी उलटी करायची आणि जिभेच्या शेंड्यानं ते कुसळ अलगद उचलायचं. सावली तालुक्यातल्या आमच्या गावात ती जाणती बाई म्हणजे मी.

नाक मुरडू नका. आज नाक मुरडणारा माझा मुलगा लहानपणी याच जिभेखालून गेलेला आहे, आणि तेव्हा त्याची काही तक्रार नव्हती.

सासूनं मला दागिने दिले नाहीत, ही विद्या दिली. तिनं बांगड्या दिल्या असत्या तर मी इतकी माजले नसते. मळणीची मशीन गावात आली तसा भुसा चौफेर उडायला लागला आणि माझी वट वाढली. बसचा कंडक्टर यायचा, ग्रामसेवक यायचा, एकदा तर पोलीस जीपमधून उतरून आला. सगळे ओट्यावर मान वर करून बसायचे आणि मी राणीसारखी उभी. कोणाचा डोळा किती खारट हे मी सांगू शकत असे, आणि विचारलं नाही तरी सांगत असे.

यात खरी गंमत पुढे आहे. मी अंगणवाडीत सेविका होते. सकाळी पोरांना ओळीत उभं करून साबणानं हात धुवायला लावायचे, नखं तपासायचे, जंतूंचं चित्र दाखवून सांगायचे, ‘हे दिसत नाहीत, पण असतात.’ आणि दुपारी घरी येऊन कोणाच्या तरी डोळ्यात जीभ घालायचे. या दोन गोष्टींची माझ्या डोक्यात कधी भेटच झाली नाही. एक गोष्ट सरकारी होती, एक घरची. वय साठीपार गेलेलं, अक्कल मात्र अजून पऱ्ह्याच्या वाफ्यातच, रोवणीलाही आलेली नाही.

माझ्या धाकट्या जावेला ही विद्या शिकायची होती. तिचं घर आमच्या घराला लागून, मध्ये एक कुडाची भिंत. ती माझ्या बाजूला उभी राहून बघायची, आणि मी मुद्दाम तिच्याकडे पाठ करायचे. विद्या वाटली की वट वाटली जाते, असं माझं म्हणणं. ती दिवसभर खर्रा चघळायची, त्यामुळे माझ्याकडे कारणही होतं. ‘तुह्या तोंडाले तंबाखूचा वास. लोकाचा डोळा जळून जाईन.’ यावर ती हनुवटी वर करून निघून जाई. तिच्या हनुवटीवर हिरवट गोंदण आहे, धानाच्या दाण्याएवढे तीन ठिपके. ती रागावली की ते ठिपके आधी दिसायचे, बाकी तोंड मागून.

हे ठिपके लक्षात ठेवा.

माझा उजवा डोळा आधी गेला. पूर्ण नाही. मधोमध एक मळकट डाग आला, जसा चुलीवरच्या भांड्याला बुडाशी येतो तसा. कडेचं सगळं दिसे, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं गायब. मी स्वतःच ठरवलं, मोतीबिंदू आहे, पिकू दे, मग काढू. सीताफळ पिकायची वाट पाहावी तशी मी त्याची वाट पाहिली. दुसऱ्यांच्या डोळ्यांची एवढी मोठी जाणकार, पण स्वतःचा डोळा कोणाला दाखवेल तर शपथ. डाग घट्ट बसला आणि तो डोळा कामातून गेला.

मग समोरच्याचं तोंड पाहायचं तर मला नजर त्याच्या कानाकडे न्यावी लागे. त्यावरून भांडणं झाली. समोरच्या घरची बाई एकदा म्हणाली, “बाई, मी इथी बोलून राह्यली आन् तुम्ही माह्या कानातले पाहून राह्यल्या. खोटे नाईत ते.” ते खोटेच होते, पण तो विषय वेगळा.

डाव्या डोळ्यावर मी मजेत होते. एक दिवस अंगणवाडीत पोरांची वजनं भरत असताना तक्त्यावरच्या रेषा मध्येच वाकल्या. छपाई खराब आली म्हणून मी तक्ता बाजूला टाकला आणि दुसरा घेतला. त्याच्याही रेषा वाकल्या. मान वर केली तर दाराची चौकटही वाकलेली, जणू कोणी मधून गुडघा देऊन दाबली आहे. घरी आले. जाऊ अंगणात धानाचं तणस सारत होती. मी उजवा डोळा झाकून तिच्याकडे पाहिलं तर तिच्या हनुवटीवरचे तीन ठिपके एकात एक वितळलेले.

 हा डोळा गेला तर माणसांची तोंडं गेली. नातवंडांची, घरच्यांची, सगळ्यांची. राहणार ते फक्त कान.

गडचिरोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी थेंब टाकून, बाहुली मोठी करून आत पाहिलं आणि म्हणाले, “हा मोतीबिंदू नाही, बाई. पडद्याचा आजार आहे. उजव्यात आता फार काही करता येणार नाही. डावा वाचवायचा तर नागपूरला जा, आणि पिकायची वाट पाहू नका.” मी त्यांना पिकण्याबद्दल काही सांगितलंच नव्हतं. माझ्या तोंडावर लिहिलेलं असावं.

नागपूरची डॉक्टर माझ्या लेकीहून लहान, चष्मेवाली, हळू बोलणारी. तिनं सांगितलं की डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या अगदी मधल्या जागेखाली, वयामुळे, नको त्या नाजूक शिरा वाढतात आणि त्या पाझरतात. मी म्हटलं, “म्हणजे बांधीतलं पाणी अडवणाऱ्या धुऱ्याला खेकड्यानं भोक पाडलं.” ती हसली. म्हणाली, “तसंच धरा. औषधानं भोक बुजतं, पण पुन्हा पुन्हा बुजवावं लागतं. आणि ते औषध सुईनं डोळ्याच्या आत द्यावं लागतं.”

“डोळ्याच्या आत,” मी म्हटलं.

“हो.”

“जागेपणी.”

“हो आजी. बधिर करून.”

माझे यजमान शेजारी बसले होते. ते उठून पाणी प्यायला गेले. मी लोकांच्या डोळ्यात जीभ घालणारी बाई, सुईला काय भिणार, असा आव आणून बसून राहिले. पाय मात्र चपलेत थरथरत होते, आणि चपला काढून ठेवायला लावल्यावर ते सगळ्यांना दिसलं.

आतल्या खोलीत तिनं तोंडाला फडकं बांधलं, माझा डोळा तपकिरी औषधानं धुतला आणि म्हणाली, “आता तुम्ही बोलायचं नाही. मीही बोलणार नाही.” मला गप्प बसायला सांगणारं माणूस सासूनंतर मला पहिल्यांदाच भेटलं. सुई गेली, एक दाब जाणवला, थोडे काळे गोळे डोळ्यात तरंगले, संपलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, बोलायला काय हरकत होती. ती म्हणाली, “तोंडात जंतू असतात, आजी. बोलताना थुंकीबरोबर उडतात. सुईच्या जागेतून ते आत गेले तर डोळा सडू शकतो.”

मी मान डोलावली. आणि मनात म्हटलं, पोरगी शिकलेली आहे, पण जरा जास्तच.

पहिल्या काही सुया छान गेल्या. आमच्या बस थांब्यावरचा विजेचा खांब हळूहळू सरळ होत गेला. वजनाच्या रेषा ताठ झाल्या. जावेच्या हनुवटीवर ठिपके वेगवेगळे मोजता यायला लागले. मी पुन्हा ओट्यावर उभी राहून लोकांची कुसळं काढू लागले, पहिल्यापेक्षा जास्त तोऱ्यात, कारण आता मी नागपूरहून तपासून आलेली होते.

नंतरची एक सुई ऐन मळणीच्या दिवसांत आली. घेतली, आणि दुपारच्या बसनं आम्ही परत निघालो. वाटेतलं मूल गाव सोडल्यावर डोळ्यात किरकिर सुरू झाली. डॉक्टरनं हे दर वेळी सांगितलेलं असे, की त्या तपकिरी औषधानं डोळा आज किरकिरेल, उद्यापर्यंत थांबेल, चोळायचं नाही, पाणी नाही, बोट नाही. दुखलं, लाल झालं, दिसणं कमी झालं तर वाट न पाहता लगेच यायचं. माझ्या लक्षात सगळं होतं. पण घरी पोचले तर खळ्यावर मशीन सुरू, हवेत भुसा, आणि मला खात्री झाली की हे औषध नाही, हे कुसळ आहे. चाळीस वर्षं कुसळं काढणाऱ्या बाईला कुसळ ओळखता येत नाही का? डॉक्टरनं पाणी म्हटलं होतं, बोट म्हटलं होतं. जिभेचं नाव तिनं घेतलेलं नव्हतं. अशी पळवाट काढायला वकील लागत नाही, साठीची हुशार बाई पुरते.

अडचण एकच होती. माझी जीभ माझ्या डोळ्यापर्यंत पोचत नव्हती.

मी कुडावरून हाक मारली. जाऊ आली.

“डोळ्यात कुसळ आहे. काढ.”

“बाई, डॉक्टरीणबाईनं हात लावू नको म्हणलं ना?”

“हात कोण लावून राह्यलं? जीभ लाव.”

 “मले म्हणता? तुम्ही तं मले बकरीच्या डोळ्यातलंही काढू देत नाई.”

“आज देतो. बैस इथी.”

“नको बाई. भेव वाटते.”

“भेव कायचं? एवढ्या वर्षांपासून मांगं उभी राहून चोरून पाहून राह्यली, थे मले मालूम नाई का?”

हे ऐकून तिचा चेहरा असा काही खुलला की मला आजही आठवतो. ती आत गेली, तोंडातला खर्रा थुंकला, खळखळून चूळ भरली आणि पदरानं ओठ पुसून आली. अगदी माझ्यासारखी उभी राहिली, डावा हात कपाळावर, उजव्यानं पापणी वर. मी खरंच तिच्याकडे पाठ करत होते, पण ती सगळं शिकलेली होती.

“काई नाई, बाई.”

“नीट पाय.”

“खारट लागते फक्त.”

“खारटच लागन. लाडू हाय का थो? अजून एकदा पाय.”

तिनं अजून एकदा पाहिलं. मला बरंही वाटलं. किरकिर कमी झाली, ती औषधाची असल्यामुळे आपोआप व्हायचीच होती. पण श्रेय मी तिला दिलं, “जमलं तुले,” असं म्हटलं, आणि ती त्या दिवशी उड्या मारत घरी गेली. पन्नाशीची बाई.

दुसरा दिवस बरा गेला. त्यानंतरच्या सकाळी उठले तर घरात धुकं. थंडीत आमच्या तलावावरून धुकं येतं, पाळ ओलांडून अंगणात शिरतं. मी यजमानांना म्हटलं, “दार उघडं टाकलं का? घरभर धुकं झालं.”

ते म्हणाले, “कुठी आहे धुकं? बाहेर चांगलं ऊन पडून राह्यलं.”

मी उजवा डोळा झाकला. धुकं होतं. डावा झाकला. धुकं गेलं, तो जुना मळकट डाग तेवढा राहिला. मग मला कळलं की धुकं माझ्या डोळ्याच्या आत आहे. आणि मागून कोणीतरी मुसळ रेटतंय असं दुखत होतं.

तरी मी काय केलं असेल? म्हटलं, “डोळे आले.” गावात साथ होतीच, अर्धं गाव आठवडी बाजारातले काळे चष्मे लावून हिंडत होतं. माझा डोळा लाल, त्यांचा लाल. हिशेब जुळला. धण्याचं पाणी करून ठेवा, म्हटलं, दोन-चार दिवसांत उतरेल. यजमान ‘दुसऱ्याच्या डोळ्यातलं’ एवढंच म्हणाले आणि थांबले. एरवी त्यांनी म्हण पूर्ण केली असती. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना पुढचं सुचलं नसावं.

जाऊ दूध द्यायला आली. मला उजेडात नेऊन तिनं पापणी वर केली आणि तिचा हात थांबला.

“बाई, हे साथीचं नाई.”

“तू कधीपासून डॉक्टर झाली?”

“बुबुळाच्या बुडाशी पांढरं बसलं आहे. पेजेचा साका बसते तसं.”

“चिपड असन.”

“चिपड बाहेर ऱ्हायते, बाई. हे आत आहे.”

तिचा आवाज बदललेला होता. मी आणखी काहीतरी म्हणणार, तर ती म्हणाली, “तुम्ही आता बोलू नका.” त्या वर्षात मला गप्प करणारी ही दुसरी. भिंतीवर अडकवलेली दवाखान्याची पिशवी तिनं काढली, माझ्या मुलाचा मोबाईल घेतला आणि पळाली. तेव्हा गावात मोबाईल आले होते, पण रेंज फक्त तलावाच्या पाळीवर मिळायची. तिथं वडाखाली उभं राहून, एका कानात बोट घालून, तिनं नागपूरला फोन लावला. परत आली ती धापा टाकत. “आजच या म्हणते. उद्या नाई, आज. धण्याचं पाणी फेकून द्या.”

मूलपर्यंत काळीपिवळी जीप मिळाली, तिथून बस. यजमान एका बाजूला, जाऊ दुसऱ्या बाजूला. मी कधीचाच गेलेला डोळा उघडा आणि वाईट होत चाललेला चांगला डोळा पदराखाली धरून बसले. नागभीडच्या पुढे जाऊ रडायला लागली. तिला तिची चूक आठवली होती, माझी मात्र अजून मला आठवली नव्हती.

“माह्या जिभेनंच झालं, बाई.”

“चूप. कोणाले सांगू नको.”

“डॉक्टरीणबाईले सांगा लागन ना.”

“कायले सांगा लागन? लोक काय म्हणतीन?”

“लोक गेले खड्ड्यात. डोळा तुमचा आहे.”

डोळा जाऊन राहिलाय आणि बाईला चिंता आहे गावातल्या वटेची. त्या बसमधल्या बाईला आज भेटले तर मी तिच्या कानाकडे न बघता सरळ थोबाडीत देईन.

डॉक्टरनं यंत्रातून पाहिलं. तिचा हळू आवाज आणखी हळू झाला. डोळ्याच्या आत जंतू शिरलेत, म्हणाली. आतलं थोडं पाणी काढून तपासायला पाठवायचं आणि लगेच आत औषध सोडायचं, वेळ घालवायचा नाही. मग विचारलं, “डोळ्यात काही गेलं होतं का? पाणी, काजळ, कोणतं गावठी औषध?”

“काही नाही,” मी म्हटलं.

“म्या जीभ लावली,” जाऊ म्हणाली.

डॉक्टरनं हातातलं पेन खाली ठेवलं. “जीभ?”

“फक्त शेंडा,” मी म्हटलं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, नंतर जावेकडे. मग म्हणाली, “नेमकं कशामुळे झालं ते मी सांगू शकत नाही. पापण्यांवरही जंतू असतात. सगळी काळजी घेऊनही क्वचित असं होतं. पण आजी, मी त्या खोलीत तोंड बांधून, श्वाससुद्धा जपून घेते. आणि तुम्ही घरी जाऊन त्यांना पाट मांडून बोलावलंत.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात ते जंतूंचं चित्र आणि माझी जीभ एकमेकांसमोर उभी राहिली. मी ते चित्र किती वर्षं पोरांना दाखवलं होतं.

पुढचे दिवस दवाखान्यात. डोळ्यावर पट्टी, तासातासाला थेंब, मध्ये पुन्हा एकदा आत औषध. सकाळी डॉक्टर पट्टी काढायची, डोळ्यासमोर हात हलवायची आणि विचारायची, “काय दिसतंय?” पहिल्यांदा नुसता उजेड. उजेड दिसतोय म्हणजे घर उभं आहे, असं ती म्हणाली. भिंती कितपत राहतील ते नंतर कळेल. यजमान खिडकीशी उभे राहून बाहेर बघत. मी रात्री देवाला काही बोलले नाही. आजवर त्याच्याशी बोलताना मीच जास्त बोलले होते, या वेळी म्हटलं त्याचं तोंडही बांधलेलं असू दे, तो काम करत असेल.

जाऊ घरी जायला तयार नव्हती. ती माझ्या खाटेजवळ जमिनीवर बसायची, पदर तोंडावर घट्ट ओढून. पाणी द्यायची तरी पदर सोडायची नाही, जणू तिच्या श्वासानंही माझा डोळा जाईल. खर्रा तिनं सोडला होता, डोकं दुखतं म्हणून कपाळ दाबत बसायची. मला ते बघवेना, म्हणजे जेवढं दिसत होतं तेवढंही बघवेना. मी म्हटलं, “काढ थो पदर. तुहं तोंड तसंही दिसत नाई मले.”

मी गंमत केली होती. ती हुंदके देऊन रडली. माझ्या गमतीचं हे नेहमीचंच आहे, पेरते एक आणि उगवतं दुसरं.

उगवण्यावरून आठवलं. तपासायला पाठवलेल्या पाण्याचा निकाल आला. डॉक्टर म्हणाली की त्यात काहीच वाढलं नाही. असं पुष्कळदा होतं, जंतू नव्हते असं नाही, पण पकडले गेले नाहीत. म्हणजे जिभेचे होते की पापणीचे, हे कायमचं गुलदस्त्यात. मी जावेला म्हटलं, “पाय, तुह्या जिभेवर काई पिकत नाई.” ती पहिल्यांदा हसली. पदरातूनच, पण हसली.

त्यानंतर एका सकाळी डॉक्टरनं हात हलवला आणि मला हात दिसला. हाताचा रंग नाही, बोटं नाहीत, पण हलणारं काहीतरी, धुक्यात बैल दिसावा तसं. मग काही दिवसांनी बोटं. बुबुळाच्या बुडाशी बसलेला साका विरत गेला. “वेळेवर आलात,” डॉक्टर म्हणाली. मी म्हटलं, “आले नाही, आणलं मला.” माझ्या आयुष्यात मी खरं श्रेय ज्या मोजक्या वेळा दिलं त्यातली ती एक.

घरी आल्यावर डोळा निवायला उन्हाळा लागला. सुया पुन्हा सुरू झाल्या, धुऱ्याचं भोक काही जंतूंसाठी थांबत नाही. प्रत्येक सुईला मी भ्यायचे, पहिल्यापेक्षा जास्त, कारण आता कशाला भ्यायचं ते माहीत होतं. पण जात राहिले. डॉक्टर ‘बोलू नका’ म्हणायच्या आधीच मी तोंड मिटायचे. नंतर कित्येक वर्षं तो डोळा मी असाच सांभाळत आणला. आज ऐंशीच्या घरात आहे आणि हे जाड शाईच्या पेनानं, मोठ्या अक्षरांत, स्वतः लिहिते आहे. ओळी वर-खाली जात असतील तर तो डोळ्याचा दोष नाही. अंगणवाडीतही माझं अक्षर असंच होतं.

राहिली ती जाऊ. ती गावात आल्यापासून माझ्या समोर येईना. दूध पोराच्या हाती पाठवायची. कुडापलीकडे तिची चाहूल लागे, पण अंगणात नेमकी मी आले की ती आत. डोळा कितपत सुधारला ते मला खांबावरून कळत होतं, तक्त्यावरून कळत होतं, पण ज्यावरून कळायला हवं होतं ते तोंडच समोर येत नव्हतं.

मळणी पुन्हा आली. एके दुपारी एक मजूर बाई डोळा धरून आमच्या ओट्याशी उभी राहिली. जिवती तालुक्यातून कामाला आलेली, माझं नाव कोणीतरी सांगितलेलं. “कुसळ गेलं, बाई. जिभेनं काढता म्हणे.”

मी कुडावरून हाक मारली.  मी पुन्हा मारली. “आयकून राह्यली ते मले मालूम आहे. उकळून निवलेलं पाणी आण. आन् साबण.”

बऱ्याच वेळानं ती आली. एका हातात तांब्या, एका हातात साबण. माझ्याकडे न बघता उभी राहिली.

“हात धू,” मी म्हटलं. “नखं पण.”

“मी नाई करत. तुम्ही करा.”

“मले नीट दिसत नाई. पापणी मी धरतो, पाणी तू सोड.”

आम्ही दोघींनी हात धुतले. ती मजूर बाई आम्हाला येडं समजून बघत होती. म्हणाली, “जिभेनं नाई काढत का?”

“जीभ निवृत्त झाली,” मी म्हटलं. “सरकारी नियम.”

तिला बाजेवर आडवं केलं. मी पापणी धरली. जाऊ वाकली आणि तांब्यातून नाकाच्या बाजूनं बाहेरच्या बाजूला बारीक धार सोडायला लागली. कुसळ काही लगेच आलं नाही. जिभेनं केव्हाच निघालं असतं, हे मी मान्य करते. तांब्या अर्धा झाला, बाई ओरडत होती, जाऊ तिला ‘हलू नको व माय’ म्हणत होती, आणि मग ते पिवळं, इवलंसं कुसळ गालावरून घरंगळत खाली आलं.

ते बघायला मी वाकले होते. मान वर केली तर जावेचं तोंड माझ्या अगदी समोर, हातभर अंतरावर, पदराशिवाय. मी उजवा डोळा मिटला. कानाकडे न जाता सरळ पाहिलं. कडा अजून थोड्या थरथरत होत्या, पाण्यात पाहिल्यासारख्या. पण हनुवटीवर ठिपके होते. एकात एक मिसळलेले नाहीत. मधला जरा वाकडा, पण तो गोंदणारणीनंच तसा काढला असेल.

“काय पाहून राह्यल्या?” ती म्हणाली.

“तुही हनुवटी.”

तिचा हात थांबला. तांब्यातलं पाणी ओट्यावर सांडत राहिलं. “दिसते?”

“दिसते. खर्रा खाल्ला तू आज. ओघळ आला आहे, पूस.”

तिनं मनगटानं हनुवटी पुसली. पुसता पुसता दुसरीकडे बघायला लागली, आणि मी तिला तसं बघू दिलं.